अफनासी निकितीनचें त्वेर : जुन्नरास आलेल्या प्रवाशाची राजधानी

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चौल बंदरांत उतरून जुन्नरास पावसाळ्यांत मुक्काम करणारा रशियन व्यापारी अफनासी निकितीन हा बहमनी काळाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. त्याच्या टिपणांतील जुन्नर, बेदर व दाभोळ यांविषयींचा मजकूर इंग्रजी भाषांतराच्या द्वारें आपल्याकडे अनेकांनीं वापरला आहे. परंतु तो ज्या त्वेर शहराहून निघाला तें शहर कसें होतें, त्या काळीं त्याची अवस्था काय होती, आणि त्याचीं टिपणें त्या शहरांत न सांपडतां त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या दप्तरांत कां सांपडलीं, याची चौकशी मराठींत झालेली आमच्या पाहण्यांत नाहीं. ती करण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. जुन्नरच्या प्रसंगाचा एक महत्त्वाचा भाग त्वेरचें मुख्य मंदिर ठाऊक असल्याखेरीज नीट उलगडत नाहीं, अशी आमची समजूत झाली आहे. तिचीं कारणें यथास्थळीं देऊं.

त्वेर हें मॉस्कोच्या वायव्येस सुमारें १७० किलोमीटरांवर, व्होल्गा नदीच्या वरच्या प्रवाहावर आहे. आज तें त्याच नांवाच्या प्रांताचें मुख्य ठाणें आहे. येथें व्होल्गेस उत्तरेकडून त्वेर्त्सा व दक्षिणेकडून त्माका अशा दोन नद्या मिळतात. जुना कोट त्माकेच्या मुखाशीं, व्होल्गेच्या उजव्या तीरावर होता. त्वेर्त्सेच्या वाटेनें नोव्हगोरोदच्या बाजूचा आणि व्होल्गेनें खालीं कास्पियन समुद्राकडचा व्यापार चाले. दोन जलमार्गांच्या सांध्यावर बसलेलें गांव व्यापारानें वाढावें आणि त्यामुळेंच शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलावें, हें त्याच्या पुढील इतिहासाचें मूळ आहे.

नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं एक इशारा देणें अवश्य वाटतें. ‘त्वेर्द’ म्हणजे भक्कम, यावरून ‘त्वेर’ म्हणजे भक्कम ठिकाण, असें पुष्कळांस सुचतें. परंतु जुन्या लेखांत हें नांव ‘त्फेर’ किंवा ‘त्ख्वेर’ अशा रूपांत येतें, आणि मधला हा ‘ख’कार या व्युत्पत्तीच्या आड येतो. तें नदीवरून पडलें असावें आणि नदीचें नांव स्लाव लोक येण्यापूर्वींचें असावें, हें मत आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें. संस्कृत शिकलेल्या माणसास स्लाव शब्द पाहून मोह होतोच. निकितीनच्या ग्रंथाच्या नांवांतला ‘त्री’ हा तीन समुद्रांचा वाचक शब्द आपल्या ‘त्रि’चा सख्खा भाऊ आहे, याबद्दल वाद नाहीं. पण संख्यावाचक शब्दांचें नातें ग्रामनामांना लावूं गेल्यास कोणत्याही गांवाची कोणतीही कुळकथा तयार करतां येते.

शहराच्या प्रथमोल्लेखाचा प्रश्न आमच्या वाचकांस विशेष रुचेल. आज हें शहर आपली स्थापना इ. स. ११३५ ची मानतें. या मताचा आधार म्हणजे नोव्हगोरोदच्या व्सेवोलोद राजानें तेथील योहानाच्या मंदिरास व त्याच्या व्यापारी मंडळास दिलेली सनद. तींत त्वेरच्या व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो. परंतु ही सनद केवळ उत्तरकालीन नकलांतून उपलब्ध आहे, आणि तिचा बराचसा भाग मागाहून रचलेला आहे असें अनेक विद्वानांचें मत आहे. दुसरा उल्लेख ११६४ च्या सुमाराचा, व्लादिमीरच्या मातृमूर्तीच्या चमत्कारकथेंत आहे. तो माहात्म्यग्रंथांतला असल्यामुळें त्यास जितकें वजन द्यावयाचें तितकेंच द्यावें. वर्षवार बखरींत त्वेरचें नांव १२०९ च्या नोंदींत येतें आणि हाच उल्लेख आम्ही निःशंक मानतों. सनदेंत लाभ असतो, माहात्म्यांत भक्ति असते, आणि बखरकाराला त्या वर्षीं त्वेरचें नांव घालण्यांत कांहीं मिळावयाचें नव्हतें. शहराच्या वाढदिवसाला मात्र सर्वांत जुनी तारीखच लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

१२३८ सालीं बातूखानाच्या मोंगल फौजेनें त्वेर लुटलें. परंतु त्यानंतर पूर्वेकडील अधिक उघड्या शहरांतून पळालेली वस्ती इकडे आली, आणि विनाशांतूनच या शहराचा उत्कर्ष सुरू झाला. अलेक्झांडर नेव्हस्कीचा भाऊ यारोस्लाव यारोस्लाविच याच्यापासून त्वेरचें स्वतंत्र राजघराणें चाललें. त्याची विधवा क्सेनिया व पुत्र मिखाईल यांनीं १२८५ ते १२९० या काळांत कोटाच्या आंत येशूच्या रूपांतराचें मंदिर दगडांत बांधिलें. लोक त्यास ‘सुवर्णशिखरी तारक’ म्हणत. मोंगल स्वारीनंतर रशियाच्या त्या भागांत उभें राहिलेलें हें पहिलें दगडी मंदिर होय. सुमारें अर्धशतक जेथें दगडावर दगड चढला नव्हता, तेथें प्रथम हात घालणारें शहर मॉस्को नव्हे, तर त्वेर होतें.

हाच मिखाईल यारोस्लाविच पुढें तार्तार खानाची सनद मिळवून सर्व रशियन राजांत श्रेष्ठ असें व्लादिमीरचें महाराजपद भोगूं लागला. खानाच्या छावणीस ‘ओर्दा’ म्हणत. ज्या तुर्की शब्दावरून आपल्याकडील ‘उर्दू’ आला तोच हा शब्द. मॉस्कोच्या यूरीनें उझबेक खानाच्या बहिणीशीं, कोंचाकेशीं, लग्न करून ती सनद स्वतःकडे फिरविली. १३१७ च्या डिसेंबरांत बोर्तेनेवोच्या लढाईंत मिखाईलनें यूरीचा पराभव केला, परंतु हा विजयच त्याच्या मुळावर आला. कोंचाका त्वेरकरांच्या हातीं सांपडली होती. ती कैदेंत मरण पावली आणि विषप्रयोगाचा आरोप मिखाईलवर आला. त्यास छावणींत बोलावून २२ नोव्हेंबर १३१८ रोजीं ठार करण्यांत आलें. त्याचें प्रेत आधीं मॉस्कोस नेण्यांत आलें आणि तेथून त्वेरास येऊन त्यानें स्वतः बांधिलेल्या मंदिरांत विसावलें. १५४९ सालीं रशियन धर्मसभेनें त्यास संतपद दिलें. तेव्हां त्वेरचें राज्य बुडून चौसष्ट वर्षें झालीं होतीं.

१३२७ ची हकीकत बखरकारानें ज्या बारकाईनें सांगितली आहे ती पाहून तो स्वतः तेथें हजर असावा असा भास होतो. उझबेक खानाचा भाऊबंद चोलखान हा फौजेसह त्वेरास आला आणि राजवाड्यांतून राजास काढून स्वतः तेथें राहूं लागला. १५ ऑगस्टच्या सकाळीं दुद्को नांवाचा एक धर्मसेवक आपली तरुण, पुष्ट घोडी पाणी पाजण्यास व्होल्गेवर नेत होता. तार्तारांनीं ती हिसकावली. त्यानें आरडाओरड केली, बाजारचा दिवस होता, लोक जमले, घंटा झाली आणि दिवस मावळण्यापूर्वीं चोलखान व त्याची माणसें मारलीं गेलीं. साम्राज्याविरुद्धचा उठाव घोडीपासून सुरू झाला, हें खरें कीं बखरकाराचें कौशल्य, हें आज सांगतां येत नाहीं. एवढें मात्र खरें कीं या उठावाचा फायदा मॉस्कोनें घेतला. यूरीचा भाऊ इव्हान, ज्याचें ‘कलिता’ म्हणजे थैली हें टोपणनांव पुरेसें बोलकें आहे, तो खानाकडे गेला, तार्तार फौज घेऊन परतला आणि त्यानें त्वेर जाळलें. त्वेरचा राजा अलेक्झांडर प्स्कोव्हास पळाला. १३३९ सालीं तो पुत्रासह छावणींत मारला गेला. त्याच वर्षीं इव्हाननें तारकाच्या मंदिराची घंटा उतरवून मॉस्कोस नेली.

ही घंटा क्षुल्लक समजूं नये. सभा, आग, लढाई व सण या सर्वांची हाक तीच देई. ती नेणें म्हणजे शहराचा आवाज नेणें होय. दीड शतकानंतर, १४७८ सालीं, नोव्हगोरोद घेतांना मॉस्कोनें तेथील सभेची घंटाही अशीच नेली. म्हणजे ही त्या घराण्याची रीतच दिसते.

घंटेच्या मागोमाग कागदही गेले, किंवा निदान राहिले ते त्वेरांत राहिले नाहींत. त्वेरच्या राजदरबारासाठीं चौदाव्या शतकाच्या आरंभीं तयार झालेली जॉर्ज हमार्तोलोसच्या बायझंटाईन बखरीची प्रत ही रशियांतील सर्वांत जुन्या सचित्र बखर-पोथ्यांपैकीं एक होय. तिच्यांत १२७ चित्रें असून आरंभीं मिखाईल राजा व त्याची माता क्सेनिया यांचीं चित्रें आहेत. ही पोथी आज मॉस्कोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. ‘त्वेर-संग्रह’ या नांवानें प्रसिद्ध असलेली बखर १५३४ सालीं संकलित झाली आणि तिचा संकलक आपण रोस्तोव्हकडचे असल्याचें स्वतःच लिहितो. त्वेरविषयींची अत्यंत मोलाची दुसरी बखर, जिच्यांत दुद्कोची घोडी येते, ती मॉस्कोच्या रोगोझ्स्की दफनभूमीजवळील जुन्या पंथाच्या लोकांच्या संग्रहांत सांपडली आणि १९२२ सालीं छापली गेली. बोरीस अलेक्झांद्रोविच या त्वेरच्या थोर राजाची (१४२५–१४६१) स्तुति करणारा फोमा नांवाच्या साधूचा ग्रंथ तर विसाव्या शतकापर्यंत कोणास ठाऊकच नव्हता. तो निकोलाय लिखाचोव्ह या हस्तलिखित-संग्राहकाच्या हातीं लागला आणि त्यानें तो १९०८ सालीं प्रसिद्ध केला. फोमाचा राजा इतका प्रतापी आहे कीं, त्याच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांत राज्य बुडालें हें त्या ग्रंथावरून कोणाच्या ध्यानांतही येऊं नये. स्तुतिग्रंथाची उपयुक्तता व मर्यादा या दोन्ही येथें एकदम दिसतात.

बोरीसची कन्या मारिया ही मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानची पहिली पत्नी. त्यामुळें त्वेरचा शेवटचा राजा मिखाईल बोरिसोविच हा इव्हानचा मेहुणा होता. १४८५ च्या सप्टेंबरांत इव्हाननें मेहुण्याच्या राजधानीस वेढा दिला. सरदार आधींच फुटले होते. मिखाईल रात्रीं लिथुआनियाकडे पळाला आणि १२ सप्टेंबरला शहरानें दरवाजे उघडले. फारशी लढाई झालीच नाहीं. दोनशें वर्षांच्या स्पर्धेचा शेवट चार दिवसांत झाला.

आतां निकितीनकडे वळूं. तो निघाला तेव्हां हाच मिखाईल बोरिसोविच गादीवर होता. टिपणांच्या आरंभींच तो सुवर्णशिखरी तारकाचें स्मरण करून, राजा मिखाईल व बिशप गेन्नादी यांचा निरोप घेऊन व्होल्गेनें खालीं निघाल्याचें सांगतो. शिरवानच्या वकिलाबरोबर कास्पियन समुद्राकडे जावें, कांहीं व्यापार करावा आणि परत यावें, एवढाच त्याचा बेत दिसतो. आस्त्राखानजवळ तार्तारांनीं लुटल्यावर परत जाण्याची सोय राहिली नाहीं. कर्ज काढून माल घेतलेल्या व्यापाऱ्याला रिकाम्या हातानें घरीं जाणें म्हणजे कैद. दर्बंद, बाकू, इराण, होर्मुझ असा तो पुढें पुढें लोटला गेला आणि एक घोडा घेऊन गलबतानें चौलास उतरला. घोड्याची किंमत तो शंभर रूबल सांगतो. या देशांत घोडे समुद्रापलीकडून येतात हें त्यानें ऐकलें होतें, आणि त्यावरच त्याची सगळी आशा होती. येथें घोड्यांना खिचडी चारतात, हें त्यास मोठें नवल वाटलें आणि तो शब्द त्यानें जवळजवळ आपल्याच उच्चारानें लिहून ठेवला आहे.

चौलाहून आठ दिवसांनीं पाली, तेथून दहा दिवसांनीं उमरी आणि तेथून सहा दिवसांनीं जुन्नर, असा क्रम तो देतो. पाली ही सरसगडाखालची पाली असावी असें सामान्यतः मानतात. परंतु चौल ते जुन्नर हें अंतर सरळ रेषेंत सुमारें १२५ किलोमीटर आहे. घाट, वळणें आणि जिवापेक्षां जपून न्यावयाचा घोडा हें सर्व जमेस धरलें तरी चोवीस दिवस अधिक होतात. मध्यें मुक्काम झाले असावेत, किंवा उमरी वाटेवर नसून आडबाजूस असावी. हें स्थळ निश्चित करण्याचें काम त्वेरच्या पंडितांचें नव्हे, जुन्नर-मावळच्या जुन्या कागदांचे जे संग्राहक आहेत त्यांचें आहे.

जुन्नरचा गड खडकावर आहे, तो कोणी माणसानें रचलेला नसून देवानेंच घडविलेला आहे, वाट इतकी अरुंद कीं एका वेळीं एकच माणूस चढतो, हें त्याचें वर्णन शिवनेरीस शोभण्यासारखें आहे. तेथील सुभेदार असदखान हा मलिक-उत्-तुज्जार म्हणजे महमूद गावान याच्या हाताखालचा, असें तो सांगतो. यास दुसरीकडून दुजोरा मिळतो. फेरिस्त्याच्या इतिहासांत गावानच्या कोंकण-मोहिमेंत जुन्नरची फौज घेऊन सामील झालेला सरदार असदखानच आहे. परदेशी व्यापाऱ्याच्या कानावर पडलेलें नांव दरबारी इतिहासांतल्या नांवाशीं असें जुळावें, याहून चांगली साक्ष कोणती?

या असदखानानें निकितीनचा घोडा हिरावून घेतला. तो मुसलमान नाहीं हें कळल्यावर त्यानें अट घातली : धर्म बदल, म्हणजे घोडाही देतों आणि वर हजार मोहरा. चार दिवसांची मुदत दिली. मुदत भरत आली असतां ख्वाजा महंमद नांवाचा एक खुरासानी गृहस्थ तेथें आला, त्यानें रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. हा ‘तारकाच्या दिवशीं’ देवानें केलेला चमत्कार, असें निकितीन म्हणतो.

हा ‘तारकाचा दिवस’ वाचक सहज ओलांडून जातो. तो ऑगस्टांतील उपवासाच्या काळांत येतो, असें स्वतः निकितीननेंच म्हटलें आहे. या उपवासांत येणारा मुख्य तारकसण म्हणजे ६ ऑगस्टचा, येशूच्या रूपांतराचा. आणि त्वेरचें सुवर्णशिखरी मंदिर याच सणाच्या नांवाचें होतें. अर्थात् त्या दिवशीं त्याच्या गांवीं मुख्य देवाचा उत्सव चालू होता. ज्या देवाचें नांव घेऊन तो घराबाहेर पडला, त्याच देवानें, त्याच्याच उत्सवाच्या दिवशीं, हजारों कोसांवर जुन्नरास आपणांस सोडविलें, अशी त्याची भावना होती. त्वेरचें मंदिर ठाऊक नसलेल्या वाचकास येथें फक्त एक साधारण धार्मिक उद्गार दिसतो. त्वेरकरास मात्र येथें ग्रामदैवताची भेट दिसली असती. याच नांवाच्या सणांत १ ऑगस्टचाही एक दिवस मोडतो हें आम्ही जाणतों. परंतु प्रारंभीच्या वंदनाशीं जुळणारा दिवस ६ ऑगस्ट हाच आहे.

प्रवासाचा काल हा जुना वाद आहे. पूर्वीं तो १४६६ ते १४७२ असा धरीत. पुढें सेम्योनोव्ह या संशोधकानें दोन वर्षें पुढें सरकवून १४६८ ते १४७४ असा ठरविला, आणि आतां तोच बहुमान्य आहे. पहिल्या मतानें जुन्नरचा पावसाळा १४६९ चा, दुसऱ्या मतानें १४७१ चा. त्वेरच्या पुराव्यानें याचा निकाल लागत नाहीं, कारण दोन्ही वर्षीं राजा तोच व बिशपही तोच. येथें जुन्नरनेंच साक्ष द्यावयाची आहे. तेथें ‘हिवाळा’ म्हणजे पावसाळा त्रैक्याच्या सणापासून लागला, चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असें निकितीन लिहितो. हा सण ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीं येतो. गणित करून पाहतां जुन्या पंचांगाप्रमाणें तो १४६९ सालीं २१ मे रोजीं व १४७१ सालीं २ जून रोजीं पडतो. त्या शतकांत जुन्या व नव्या पंचांगांत नऊ दिवसांचें अंतर असल्यामुळें हल्लींच्या गणनेनें या तारखा अनुक्रमें ३० मे व ११ जून होतात. जुन्नरच्या बाजूस मृगाचा पाऊस केव्हां लागतो हें तेथील कोणत्याही शेतकऱ्यास विचारावें. ११ जून हा दिवस अगदीं स्वाभाविक आहे, ३० मे मात्र अवकाळी वळवाचा. पाऊस एखाद्या वर्षीं लवकर येतो, म्हणून एवढ्यावरून निर्णय करूं नये. परंतु इतर प्रमाणांनीं सिद्ध होत असलेल्या १४७१ या वर्षास जुन्नरच्या आभाळाचा पाठिंबा आहे, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

स्वतः निकितीन या गणनेविषयीं किती व्याकुळ होता हें त्याच्या लेखांत पानोपानीं दिसतें. त्याचे धर्मग्रंथ लुटींत गेले होते. सण केव्हां येतात हें समजण्यास साधन उरलें नव्हतें. त्यानें बेदरास आकाशाकडे पाहून कृत्तिका, मृग व सप्तर्षि यांच्या स्थितीवरून ईस्टरचा अंदाज बांधला, आणि कधीं कधीं मुसलमानांबरोबरच उपवास केला. त्याच्या प्रार्थनांत तुर्की, फारसी व अरबी शब्द येतात. आपल्या देशासारखा देश नाहीं, पण तेथील सरदार अन्यायी आहेत, हें दुःखही त्यानें तुर्कींतच लिहिलें आहे. ज्या शहराच्या सरदारांनीं पुढें थोड्याच वर्षांत राजास सोडून मॉस्कोची वाट धरली, त्या शहरच्या माणसाचें हें वाक्य आहे, हें लक्षांत ठेवून वाचावें. मात्र तो त्वेरचें नव्हे, सबंध रशियाचें नांव घेतो. दूर देशीं गेल्यावर गांवच्या सीमा पुसट होतात.

दाभोळाहून निघून, इराण व काळ्या समुद्राच्या वाटेनें तो परतला, पण घरीं पोहोंचला नाहीं. स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच तो वारल्याचें बखरकार सांगतो. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस नेऊन महाराजांचा चिटणीस वासीली मामिरेव्ह याच्या स्वाधीन केल्या. सृष्टिसंवताच्या ६९८३ या वर्षाखालीं, म्हणजे सप्टेंबर १४७४ ते ऑगस्ट १४७५ या काळांत, बखरकारास त्या मिळाल्या, आणि त्यानें प्रवासाचें वर्ष शोधण्यासाठीं स्वतः विचारपूसही केली. बखरकारानें आपल्या साधनाची अशी चौकशी करून ती नमूद करावी, ही गोष्ट त्या काळीं दुर्मिळ आणि आपणां सर्वांस अनुकरणीय आहे. वह्या त्वेरास पोहोंचल्या असत्या तर दहा वर्षांनीं झालेल्या राज्यक्रांतींत त्यांचें काय झालें असतें? हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतों. मूळ वह्या आज नाहींत. उरल्या त्या बखरींत उतरलेल्या नकला, त्रोइत्स मठाच्या ग्रंथालयांतली एक प्रत, आणि सतराव्या शतकांतली एक सुधारलेली प्रत. तुर्की-फारसी शब्द न समजणाऱ्या लेखकांच्या हातीं त्यांचे जे हाल झाले, ते मोडी नकलांत फारसी नांवांचे हाल पाहिलेल्यांस वर्णन करून सांगण्याची जरुरी नाहीं.

या प्रतीचा शोध लागण्याची हकीकत पुन्हा त्वेरास येऊन मिळते. त्यासाठीं मधलीं तीन शतकें झपाट्यानें ओलांडूं. त्वेर्त्सेच्या मुखाशीं ओत्रोच नांवाचा प्राचीन मठ होता. राजसेवकाची वधू राजानेंच वरिली आणि त्या दुःखी सेवकानें हा मठ स्थापिला, ही त्याची कथा सतराव्या शतकांतली रचना आहे, इतिहास नव्हे. ग्रीसहून आलेला ग्रंथसंशोधक साधु मॅक्सिम यास भाषांतरांतील दुरुस्त्यांच्या निमित्तानें पाखंडी ठरवून १५३१ नंतर त्वेरास बंदींत ठेविलें. तेथील बिशप अकाकी यानें त्यास लिहूं-वाचूं दिलें, हें त्वेरचें पुण्य. २३ डिसेंबर १५६९ रोजीं याच मठांत भीषण इव्हानच्या हुकुमाच्या माल्यूता स्कुरातोव्हनें धर्माध्यक्ष फिलीप याचा गळा दाबून खून केला. गाव्रील तुशिन्स्की या व्यापाऱ्यानें १५६४ सालीं बांधिलेलें ‘श्वेत त्रैक्य’ हें मंदिर शहरांतील सर्वांत जुनी उभी इमारत आहे. राजांनीं बांधिलेलें कांहीं राहिलें नाहीं, व्यापाऱ्यानें बांधिलेलें राहिलें.

१७६३ च्या आगींत शहर जवळजवळ सबंध जळालें. दुसऱ्या कॅथेराईननें पैसा दिला, आणि प्योत्र निकितीन या वास्तुकारानें (प्रवासी निकितीनशीं याचा संबंध नाहीं) एका चौकांतून निघणाऱ्या तीन सरळ रस्त्यांचें नवें शहर आंखलें. कोटाच्या जागीं, तारकाच्या मंदिराशेजारीं, पीटर्सबर्ग-मॉस्को वाटेवरील बादशाही मुक्कामाचा राजवाडा उठला. १८०९ सालीं कार्लो रोस्सीनें तो नव्यानें सजविला, कारण झारची बहीण कॅथेराईन पाव्हलोव्हना ही आपल्या गव्हर्नर पतीसह तेथें राहावयास आली होती. तिच्या बैठकींत इतिहासकार निकोलाय करमझीन येत असे. १८११ च्या मार्चांत त्यानें याच वाड्यांत झार अलेक्झांडरास आपल्या ‘रशियन राज्याच्या इतिहासा’चे भाग वाचून दाखविले. करमझीन हा मॉस्कोच्या एकछत्रीपणाचा कट्टा पुरस्कर्ता. त्याचें वाचन झालें त्या दिवाणखान्यापासून मिखाईल राजाचें थडगें कांहीं पावलांवर होतें. पण त्यानेंच त्रोइत्स मठांत निकितीनची प्रत हुडकून काढली आणि इतिहासाच्या सहाव्या खंडांत जगापुढें मांडली. पाव्हेल स्त्रोएव्हनें ती १८२१ सालीं छापली, १८५७ सालीं तिचें इंग्रजी भाषांतर लंडनास निघालें, आणि १८८१ सालीं संस्कृत व पालीचे पंडित इव्हान मिनायेव्ह यांनीं तिजवर टिपणें लिहिलीं. पुढें १९४८ व १९८६ सालीं चिकित्सक आवृत्त्या निघाल्या. काम करणारानें शेवटची पाहावी.

त्वेरनेंही आपल्या जुन्या वस्तूंची काळजी घेतली नाहीं असें नाहीं. १८६६ सालीं तेथें संग्रहालय निघालें, आणि १८८४ सालीं रशियांत प्रथम ज्या चार प्रांतांत विद्वानांचीं दप्तर-मंडळें स्थापन झालीं त्यांत त्वेर एक होतें. आपल्यासारख्याच मंडळींनीं, आपल्यासारखेच, घरोघर फिरून कागद गोळा केले. पण दगडांवर त्यांची सत्ता नव्हती. १९३१ सालीं शहराचें नांव बदलून कालिनिन ठेवण्यांत आलें आणि तें १९९० पर्यंत चाललें. त्या काळचे तेथील ग्रंथ शोधणारानें त्याच नांवाखालीं पाहावें. १९३५ सालीं तारकाचें मंदिर सुरुंगानें उडविण्यांत आलें. पडली ती इमारत निकितीननें पाहिलेली नव्हे. त्या जागीं सतराव्या शतकाच्या अखेरीस नवी इमारत उठली होती. पण जागा तीच होती, आणि थडगींही तींच. १९४१ च्या १४ ऑक्टोबरपासून १६ डिसेंबरपर्यंत शहर जर्मन फौजेच्या ताब्यांत होतें आणि त्यांत आणखी पुष्कळ गेलें.

२०१४ सालीं तारकाच्या मंदिराची त्याच जागीं पुनर्बांधणी सुरू झाली. राजवाडा शाबूत असून त्यांत चित्रसंग्रह आहे. त्याच्या समोर, व्होल्गेच्या डाव्या तीरावर, १९५५ सालीं उभारलेला निकितीनचा पुतळा आहे. आपल्याकडे रेवदंड्यासही त्याचें एक स्मारक झालें आहे, म्हणजे निघाल्या व उतरल्या अशा दोन्ही ठिकाणीं त्याची खूण आहे. जुन्नरास ती नाहीं. ओत्रोच मठ पाडून त्याच्या जागेवर १९३८ सालीं जलप्रवाशांसाठीं मोठें बंदरगृह बांधण्यांत आलें, त्याचा मधला भाग ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं आपोआप कोसळला. शेजारीं मठाचें १७२२ चें एक मंदिर तेवढें उभें आहे. त्याच्या पायथ्याशीं त्वेर्त्सा व्होल्गेस मिळते.